बाईच्या दाढेवरची पट्टी

माझ्या थोरल्या बहिणीला आम्ही बाई म्हणतो. ती एकोणसाठ वर्षांची आहे आणि नवरा गेल्यापासून, म्हणजे अकरा वर्षं, गोंदियाजवळ मुर्रीला आमच्याच घरी राहते. तिला साखरेचा आजार आहे. सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी. रोवणीत, म्हणजे धानाच्या लावणीत, मात्र तिचा हात कोणी धरू शकत नाही. भाऊ म्हणून कौतुक करतो असं नाही, मी मोजलेलं आहे. बाकीच्या बायांची एक ओळ होते तेव्हा बाईची सव्वा झालेली असते.

मागच्या रोवणीत ती बांधीत, धानाच्या चिखलभरल्या वाफ्यात, चक्कर येऊन तोंडावर पडली. गोळी घेतलेली, पोटात जेमतेम अर्धी पोळी आणि सकाळपासून वाकलेली. दवाखान्यात साखर बावन्नवर घसरलेली निघाली. गोंदियाचे डॉक्टर म्हणाले, दिवसातून तीनदा बोट टोचून मोजल्याशिवाय चिखलात उतरायचं नाही. बाईने चार वेळा मोजलं आणि नंतर "मोजलं ना" म्हणायला लागली. रक्त मोजायच्या पंचवीस पट्ट्यांच्या डबीत एकवीस शिल्लक होत्या, म्हणून मला कळलं. रोवणीत दिवसभर पाण्यात राहून बोटांची टोकं मऊ पडतात, नखांजवळ चिरतात. त्यात सुई म्हणजे काय, हे मी माझ्या बोटावर करून पाहिलं नाही. म्हणून रागावलोही नाही.

यंदा डॉक्टरांनी सरळ सांगितलं, मोजणार नसाल तर घरी बसा.

"घरी बसून काय भिताडं मोजू?" बाई म्हणाली.

त्याच आठवड्यात नागपूरच्या एका कॉलेजच्या मॅडम गावात आल्या. त्या लाळेतली साखर मोजणारं यंत्र तयार करत होत्या आणि ते रोज वापरून पाहणारी माणसं त्यांना हवी होती. खालच्या दाढांवर बरोबर बसणारी पातळ पारदर्शक पट्टी आणि तिच्या आतल्या बाजूला मसुराच्या दाण्याएवढी चकती. लाळ त्या चकतीवरून जाते, चकती साखर ओळखते, आणि कमरेला बांधलेल्या काडेपेटीएवढ्या डबीतून त्याची रेषा फोनवर उमटते. सुई नाही, रक्त नाही. जेवताना काढायची, चूळ भरून परत लावायची.

मी राइस मिलमध्ये धानाचा ओलावा मोजतो. एकवीस वर्षं हेच काम करत आलो, त्यामुळे मोजायच्या यंत्राचं मला वेड आहे आणि त्याच्यावर संशयही आहे. मॅडमना मी तासभर प्रश्न विचारले. त्यांनी एकाही उत्तरात बढाई मारली नाही. लाळेत साखर रक्ताच्या मानाने अगदी थोडी असते, म्हणून पकडणं अवघड. लाळेतला बदल रक्ताच्या मागून येतो. माणसागणिक फरक पडतो. गोळीचा निर्णय यावरून करायचा नाही. एवढं सगळं त्यांनी आपणहून सांगितलं. स्वतःच्या यंत्राची उणी बाजू आधी सांगणारा माणूस मला क्वचित भेटतो.

ठरलं असं, की आठ दिवस पट्टीची रेषा आणि बोटाचं रक्त ताडून पाहायचं. दोन्ही एका दिशेने चालले तर डॉक्टर बाईला बांधीत उतरू देणार. रोवणीला अजून वीस दिवस होते. बोटं कोरडी होती, आठ दिवस टोचून घ्यायला बाई तयार झाली. फॉर्म मी भरला. अक्षर चांगलं आहे म्हणून घरचे सगळे फॉर्म मीच भरतो.

पहिले तीन दिवस वाईट गेले. रोज सकाळी सहाला पट्टी लावली की रेषा एकदम वर जायची आणि तासाभराने उतरायची. बोट टोचलं तर रक्तातली साखर जिथल्या तिथे. दुपारी चारच्या सुमारास पुन्हा तेच. बाईने अजून चहाही घेतलेला नसायचा. मी वेळा लिहून ठेवत होतो, पण कारण सापडेना.

"तुयं यंत्र खोटं बोलून राहिलं," बाई म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता.

मिलमध्ये आकडा विचित्र आला तर मी धानाला दोष देण्याआधी यंत्राचं भांडं पाहतो. भांड्याला मागच्या मालाची धूळ चिकटलेली असली की आकडा चुकतो. इथे भांडं म्हणजे बाईचं तोंड. चौथ्या दिवशी पहाटे मी नळाजवळ उभा राहिलो. बाई आली, कट्ट्यावरची गोल डबी उघडली, बोटावर काळं गुडाखू घेतलं आणि रोजच्यासारखे दात घासायला बसली.

ती डबी तिथे माझ्या लग्नाआधीपासून आहे. आमच्याकडे निम्म्या बाया सकाळ-दुपार गुडाखूच घासतात. त्यात तंबाखू असते आणि ती मळायला गुळाची मळी. एक चूळ भरून ते हिरड्यांतून थोडंच जातं? त्यावरच ती पट्टी बसवत होती.

मी मॅडमना फोन केला. त्या दुपारीच आल्या आणि फॉर्म काढून माझ्यासमोर धरला.

"काकाजी, तंबाखूसमोर तुम्ही 'नाही' लिहिलंय."

मी वाचलं. अक्षर माझंच होतं.

"मी कुठी तंबाखू खातो?" बाई मध्येच म्हणाली. "दात घासतो मी त्यानं! माह्या भावानं कायले खोटं लिहिलं असन?"

ती मला वाचवत होती, पण चूक माझी होती. डबी रोज डोळ्यांसमोर असून मी तिला तंबाखूत धरलं नव्हतं. मी मॅडमना तसं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "दात कशाने घासता, हे मीही विचारलं नाही. आजपासून फॉर्ममध्ये तो प्रश्न राहील." मग बाईकडे वळल्या. "मावशी, गुडाखू सोडाल तर आठ दिवस परत पहिल्यापासून मोजू. नाही सोडलं तर मला तुम्हाला यातून काढावं लागेल."

बाईने डबीकडे पाहिलं. चाळीस वर्षांची सवय. "रोवणी झाल्यावर घासलं तर चालन का?"

"ते मी सांगणार नाही."

"मंग राहू दे गुडाखू," म्हणून तिने डबी माझ्या हातात दिली.

ते आठ दिवस घरात कोणी तिच्या वाटेला गेलं नाही. डोकं दुखायचं, तोंड बेचव, भाजीत मीठ जास्त म्हणून माझ्या बायकोवर दोनदा ओरडली. पण सकाळची उंच रेषा पहिल्याच दिवशी गेली. रोज तीन याप्रमाणे चोवीस वेळा आम्ही ताडून पाहिलं. एकवीस वेळा रेषा आणि रक्त एका दिशेने गेले. दोनदा बाई आंबा खाऊन चूळ भरायला विसरली होती. उरलेल्या एकाचं कारण मला आजही माहीत नाही, मॅडमनाही नाही, आणि त्यांनी वहीत तसंच लिहिलं.

डॉक्टरांनी आकडे पाहून परवानगी दिली. रेषा घसरून फोन वाजला की बांधीच्या कडेला धुऱ्यावर यायचं, एकदा बोट टोचायचं आणि खायचं. सूचना खोटी निघाली तर एक बोट दुखेल. खरी असेल तर माणूस वाचेल. हा हिशोब मला पटला.

रोवणीच्या चौथ्या दिवशी रविवार होता, मी धुऱ्यावर होतो. अकरा चाळीसला फोन वाजला. रेषा उतरत होती. मी हाक मारली.

"मले काही नाही होऊन राहिलं!" बाई वाकलेल्याच अंगाने ओरडली.

"जाय वो," शेजारच्या ओळीतली एकजण म्हणाली, "तोंडात टावर बसवला आहेस, तर त्याचं ऐक. आणि शिव्या कमी दे, नागपूरपर्यंत जात असतीन."

बाया हसल्या. बाई चिखल निपटत वर आली. बोट पुसून टोचलं. अडुसष्ट. सत्तरच्याही खाली. चिरलेलं बोट तोंडात धरायला गेली, तोंडात पट्टी आहे हे आठवून थांबली, पट्टी काढून माझ्या हातावर ठेवली. साखरेचं पाणी प्यायली, मग शिदोरीतला भात खाल्ला. वीस मिनिटांनी पुन्हा टोचायला बोट तिनेच पुढे केलं. एकशे चार.

"अजून पाच मिनटं बसू का?" तिने विचारलं. इतक्या वर्षांत तिने मला असं कधी विचारलं नव्हतं.

पाच मिनिटं झाली. चूळ भरून तिने पट्टी दाढेवर बसवली, पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची, पेंढी उचलली आणि उतरली. तोवर तिची ओळ इतरांच्या चार हात मागे पडली होती. जेवणाची सुट्टी व्हायच्या आत तिने ती भरून काढली.