लोखंडाच्या जागी कोबाल्ट

मी प्रयोगशाळेतून चारकोपला घरी आले की बाबा विचारायचे, "झालो काय गो तुझो तुकडो?" ते जुने गिरणी कामगार. माझा तुकडा म्हणजे बेरियम, लोखंड आणि आर्सेनिकचा स्फटिक. त्यात लोखंडाचं चुंबकत्व आडवं येतं. लोखंडाच्या काही अणूंच्या जागी कोबाल्ट बसवला की ते दबतं, आणि स्फटिक अतिशय थंड केल्यावर वीज अडथळ्याविना वाहते. कोबाल्ट जास्त झाला तर तो गुणही जातो. हे प्रमाण जुळवण्यात माझी पीएचडीची वर्षं गेली.

एका दुपारी स्फटिकातला विजेचा रोध अखेर शून्यावर आला. आनंदाने मी घरी फोन लावला. आई म्हणाली, "ये लवकर. बाबांच्या मेंदूत रक्तस्राव झालाय."

कांदिवलीच्या हॉस्पिटलात ते शुद्धीवर आल्यावर मी वाकून म्हटलं, "बाबा, तुकडा झाला."

ते म्हणाले, "कोणाची गो तू?"

आई तोंडाला पदर लावून बाहेर गेली. मी स्टुलावर बसले आणि कोबाल्ट काय करतो ते त्यांना पहिल्यापासून सांगितलं. परक्याचं ऐकावं तसं त्यांनी सभ्यपणे ऐकलं.

ते घरी परतलेच नाहीत. जाईपर्यंत मला मॅडम म्हणत होते.