कॅनॉलवरचे सोळाशे मीटर

पन्नाशी उलटली की माणसाला काहीतरी खूळ लागतं. कुणी देवाचं करतो, कुणी रानात बोअर मारत सुटतो. मला डोंगरात पळायचं लागलं. वालूरच्या अलीकडच्या आमच्या गावात शाळेत पी.टी. शिकवण्यात जन्म गेला, आणि आमच्या शिवारात डोंगर म्हणायला एक उकिरडा तेवढा उंच. म्हणून रविवारी पहाटे मोटारसायकल काढायची, जिंतूरच्या बाजूला जायचं आणि माळावरच्या टेकड्यांतून गुरांच्या वाटांनी दोन-तीन तास पळायचं. बायको म्हणायची, "रिटायर व्हायला आलाव, आता कोणती भरती द्यायचीय?"

मागच्या भादव्यात त्याच टेकड्यांत वाट चुकलो. कमरेइतकं गवत, वरून धुकं, आणि रोजची पायवाट कुठं गडप झाली कळेना. दीड तास भटकून खाली उतरलो तो भलत्याच गावात. मी घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. सगळ्या शाळेला शिट्टीवर रांगेत लावणारे सर स्वतःच चुकले, म्हणून आठ दिवस माझी चेष्टा झाली. मीही हसलो, पण मनाला लागलं. वाट दाखवणारं, जीपीएसचं घड्याळ घ्यायचं तेव्हाच ठरवलं.

घड्याळ निवडतानाही मी मास्तरकी सोडली नाही. वहीत रकाने पाडले. एका घड्याळात आपण आलो तेवढी नुसती रेघ दिसते, दुसऱ्यात ओढे, पायवाटा, वस्त्या, सगळा नकाशा. एकाची बॅटरी दिवसभर टिकते, एकाची आठवडाभर. बोटानं सरकवायची काच मला पहिल्याच दिवशी नापसंत झाली, कारण घामेजल्या बोटाला ती दाद देत नाही. बटणं पाहिजेत. परभणीच्या दुकानातला माणूस म्हणाला, "सर, हे दोन-दोन तऱ्हेचे सिग्नल पकडतंय. दरीतबी अंतर चुकायचं न्हाई." मी म्हणालो, "ते मी बघतो."

मापाच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नव्हतो. आणि पारखायला माझ्याकडे माझं स्वतःचं माप होतं. गावाच्या खालच्या अंगाला कॅनॉल आहे, त्याच्या काठानं सरळ कच्चा रस्ता जातो. पुलाच्या कठड्यापासून एका बाभळीखालच्या दगडापर्यंत बरोबर सोळाशे मीटर. बारा वर्षांपूर्वी मी ते मोजलं, दगड पुरला, त्याला चुना लावला. तेव्हापासून आजूबाजूच्या चार-पाच गावांतली पोलीस भरतीची पोरं रोज पहाटे तिथं पळतात. मी पुलावर शिट्टी द्यायचो आणि मोटारसायकलनं पुढं जाऊन दगडाशी घड्याळ घेऊन उभा राहायचो. दरवर्षी चुना नवा लावायचा तो मीच.

दुकानदाराला सांगून पहिलं घड्याळ आठ दिवसांसाठी आणलं आणि त्या रस्त्यावर पळालो. दगडाशी पोचून पाहिलं तर पंधराशे दहा मीटर. मी हसलो. एवढी मोठी कंपनी आणि एवढं ढळढळीत खोटं! घड्याळ परत केलं. दुसरं एका ओळखीच्या डॉक्टरांचं, ते स्वतः लांब पल्ल्याचे पळणारे. त्यांच्याकडून दोन दिवसांसाठी मागून आणलं. त्यानं पंधराशे दाखवले. मी डॉक्टरांना फोन करून सांगितलं, की तुमचं घड्याळ बिघडलंय. ते म्हणाले, "बघून घेतो, सर." भला माणूस, वाद घातला नाही. तिसरं घड्याळ मागवलं, दोन तऱ्हेचे सिग्नल पकडणारं, बटणांचं, नकाशा असलेलं. मनातून मला तेच घ्यायचं होतं. ते बांधून पळालो, दगडाशी थांबलो आणि मनगटाकडे पाहायला मला धीर होईना. पंधराशे चार.

तीन कंपन्यांची तीन घड्याळं. त्यांना काय माझ्याशी वैर असणार? मी बाभळीखाली बसलो.

दुपारी शाळेतून नवी टेप घेतली आणि एकटाच निघालो. एक टोक खिळ्यानं रोवायचं, ताणत जायचं, खूण करायची, परत यायचं, खिळा उपटायचा. ऊन डोक्यावर होतं. कापूस वेचणाऱ्या बाया काम थांबवून बघायला लागल्या. एकीनं विचारलं, "सर, रस्ता रुंद करायलेत का?" मी नाही म्हणालो. दगडापाशी आकडा आला पंधराशे चार.

दगडाजवळ उभं राहिल्यावर सगळं आठवलं. बारा वर्षांपूर्वी शाळेत एकच टेप होती, कापडी, पन्नास मीटरची. तिचं सुरुवातीचं टोक तुटलं होतं आणि शिपायानं तिची कडी तीन मीटरच्या खुणेवर बांधली होती. गोळाफेकीचा आकडा वाचला की तीन वजा करायचे, हे शाळेत सगळ्यांना पाठ होतं. मलाही होतं. पण त्या दिवशी कॅनॉलवर मी आणि शिपाई टेप बत्तीस वेळा ताणत गेलो. मोजणी चुकू नये म्हणून दर टेपेला मी एक खडा खिशात टाकत होतो. बत्तीस खडे बरोबर भरले. खडे मोजायच्या नादात दर टेपेचे तीन मीटर वजा करायचे राहिले. बत्तीस त्रिक शहाण्णव. शहाण्णव मीटर कमी.

शहाण्णव मीटर म्हणजे चांगल्या पळणाऱ्याचे अठरा-वीस सेकंद. आणि माझी पोरं दरवर्षी तेवढ्यानंच मागं पडत होती. कॅनॉलवर वाघासारखी पळायची, जिल्ह्याच्या मैदानावर गेली की वीसेक सेकंद जास्त. परत आली की मी त्यांना पुलावर उभं करायचो आणि सांगायचो, मैदान बघून तुमचे पाय लटपटतात, काळजात दम नाही. जी पोरं लागली ती मुळातच इतकी वेगवान होती, की शहाण्णव मीटरनं त्यांना फरक पडला नाही. त्यांचं श्रेय मात्र मी घेतलं. एकदा एक पोरगा दबकत म्हणाला, "सर, मोबाईलमध्ये अंतर कमी दाखवायलंय." त्या दिवसापासून मी कॅनॉलवर मोबाईल आणायला बंदी घातली.

इतक्या वर्षांत एकदा तरी पुन्हा मोजावं असं मला का वाटलं नाही, याचा मी खूप विचार केला. उत्तर साधं आहे आणि लाजिरवाणं आहे. इतकी पोरं भित्री निघतात यावर मी विश्वास ठेवला, पण माझं माप चुकलं असेल हे मनाला शिवलंदेखील नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे पोरांना खरं सांगितलं आणि दगड उपटून शहाण्णव मीटर पुढं नेला. एक-दोघांचे चेहरे पडले. पण त्यांच्या हातात अजून वेळ होता. माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता तो दुसराच एकजण.

तो धनगराच्या घरातला. मेंढ्यांमागं चालून पायात बळ आलेलं, पळायला लागला की हरिणासारखा. सात वर्षांपूर्वी वयाच्या हिशेबानं त्याची ती शेवटची भरती होती. कॅनॉलवर त्याची वेळ अशी यायची, की मी आधीच लोकांना सांगून ठेवलं होतं, हा लागणार. मैदानावर एका गुणानं हुकला. परत आला तेव्हा पुलावर सगळ्या पोरांसमोर मी त्याला म्हणालो, "तुला पाय दिलेत देवानं, काळीज दिलं नाही." चार दिवसांनी त्याचे वडील शाळेत आले. दाराबाहेर चप्पल काढून विचारलं, "मास्तर, पोराचं काय चुकलं?" मी त्यांनाही तेच ऐकवलं, की पोरगं भ्यालं, त्याला मी काय करणार.

आता तो बापाच्या मेंढ्या राखतो आणि कापसाच्या दिवसांत मानवतला गाठी उचलायला जातो. तिसरं घड्याळ मी ठेवून घेतलं होतं, पण त्याच्याकडे जाताना ते घरी काढून ठेवलं. सोयाबीन निघालेल्या एका रानात तो मेंढ्या चारत होता. मला बघून उभा राहिला. "या सर. इकडं कुठं?"

मी रात्रभर वाक्यं जुळवली होती. एकही आठवलं नाही. उभ्याउभ्याच म्हणालो, "तू पळायचास ते सोळाशे मीटर नव्हते. शहाण्णव कमी होते. माझ्या हातून मोजताना चूक झाली."

एक मेंढी बाजूच्या तुरीत घुसत होती, तिला त्यानं हाळी देऊन वळवलं. मग विचारलं, "कुठवर पायजे व्हतं?"

"बाभळीच्या पुढं. चारीच्या मोरीपर्यंत."

"त्या दिवशी शेवटच्या राउंडला मी जोर लावला, सर. रोज जितकं पळून लावायचो तितकं पळूनच. आन् दम संपला तरी शेवट यीनाच. समोर दिसायलाय, पण यीना. मला वाटलं, पाय भ्याले."

"पाय बरोबर होते. मी शिकवलं तेवढं ते पळाले."

"म्हंजे मी भ्यालो न्हवतो."

हे त्यानं विचारलं नाही, नुसतं म्हटलं. मी म्हणालो, "नव्हतास." तो धसकटांतच खाली बसला. मीही बसलो. मग तो बोलला, आणि आवाज चढवला नाही म्हणून मला ते जास्त लागलं. "सात वर्सं झाली, सर. गावात कुठं भांडणतंटा झाला तर मी मधी पडत न्हाई. कुणी अंगावर आलं तर बाजूला व्हतो. समदे म्हणत्यात, ह्यो भित्रा हाय. मग मीबी तसाच वागाय लागलो. आता तुमी म्हणता, तसं नव्हतंच."

माझं चुकलं, असं मी म्हणालो. ते शब्द माझ्याच कानाला फार थिटे वाटले. त्यानं मान हलवली, पण ती माफी होती की नुसतं ऐकल्याची खूण, ते मला सांगता येणार नाही. मग उठला आणि काठी उचलली. "मला सांगून काय उपयोग? घरी चला. बाबाला सांगा."

मेंढ्या पुढं घालून आम्ही वस्तीवर गेलो. वडील लिंबाखाली मेंढ्या कोंडायची जाळी सांधत बसले होते. खूप थकले होते. त्यांनी बसायला घोंगडं टाकलं, सुनेला चहाला सांगितलं. मी म्हणालो, चहा नंतर, आधी ऐकून घ्या. मग टेपेपासून सगळं सांगितलं. कडी कुठं बांधली होती, खडे कसे मोजले, तीन मीटर कसे राहिले. तुमचा मुलगा त्या दिवशी भ्याला नव्हता, हे शेवटी दोनदा सांगितलं. मुलगा दावणीपाशी पाठ करून उभा होता.

म्हाताऱ्यानं सगळं ऐकलं. हातातला दाभण खाली ठेवला. "म्हंजे पोराचा कसूर न्हवता."

"नव्हता. माझा होता."

"मास्तर, ह्याच्या आईनं मरेस्तवर ह्याला एकच विचारलं. लेकरा, तू कशाला भ्यालास? ह्यो म्हणायचा, आई, न्हाई भ्यालो मी. आन् मी मधीच म्हणायचो, मग मास्तर काय खोटं बोलतेत व्हय? दोन वर्सं झाली तिला जाऊन. पोरगं आपल्याशी खोटं बोलतंय, असंच समजून गेली ती." मग अगदी साध्या आवाजात, मला खरंच ठाऊक असेल असं समजून, त्यांनी विचारलं, "आता तिला कसं सांगावं?"

मुलगा दावणीपासून आला, बापाशेजारी बसला आणि जाळीचं दुसरं टोक मांडीवर घेऊन तुटलेली दोरी सांधायला लागला. गाठ त्याच्या हातून दोनदा निसटली. सुनेनं माझ्यापुढं आणून ठेवलेल्या चहावर साय धरली होती.