कोटातल्या काकू

"छान आहे रे. पण चुकलंय."

दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून काकूंचं हे वाक्य आलं, की आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत दिवाळीच्या किल्ल्याचं काम सुरू झालं असं समजायचं.

तुम्हीही पाहिलं असेल, पुण्यात किल्ला म्हणजे डोंगर हवाच. वर महाराज, खाली हळिवाची शेतं. काकूंचा किल्ला मात्र सपाट, आणि पुढे निळ्या रांगोळीचा समुद्र. त्यांचा जन्म रेवदंड्याचा, तिथल्या जुन्या तटबंदीच्या आतला. लग्न होऊन पुण्यात आयुष्य गेलं, तरी ओळख करून देताना म्हणायच्या, "आम्ही कोटातले."

"याला किल्ला म्हणतात?" सेक्रेटरींनी एकदा विचारलं. "डोंगर कुठंय?"

"अहो, डोंगरावर शिपाई राहतात. इथं अख्खं गाव राहायचं. गलबतांतून घोडे उतरायचे, रेशीम चढायचं. गावाला दोन दरवाजे, एक जमिनीकडे, एक समुद्राकडे. तुमच्या सोसायटीला एकच फाटक, तेही लागत नाही."

सेक्रेटरींना घरचा चहा आठवला.

माती कालवता कालवता काकू सगळा इतिहास सांगायच्या. पोर्तुगीजांनी तट बांधला, निजामशहाने वेढा घातला, पुढे मराठ्यांनी कोट घेतला, मग इंग्रज आले. बंदराची रया गेली आणि तटाच्या आत नारळी-पोफळी वाढल्या. काकूंच्या लेखी हे सगळे राज्यकर्ते भाडेकरू. "आले, राहिले, गेले. विहीर आमचीच!" काय बाई होती हो!

गुडघे गेल्यावर त्यांचं खाली येणं थांबलं. मग हात माझे आणि हुकूम गॅलरीतून. "अरे, दरवाजा तिकडे कुठे? गलबत काय पार्किंगमध्ये लावणार आहेस?" खराडीच्या ऑफिसात माझ्या हाताखाली माणसं आहेत. इथं मी गवंड्याच्या हाताखालचा, आणि मला ते मनापासून आवडायचं.

एका दिवाळीत फराळाचा डबा द्यायला वर गेलो, तर एकदम म्हणाल्या, "मी गेले की इथं परत सिंहगडच होणार ना रे?"

"तुम्ही ओरडायला असताना कोणाची हिंमत आहे?"

"आणि नंतर?"

मी डबा पुढे केला. त्यांनीच माझ्या हातावर चकली ठेवली.

यंदा श्रावणात काकू गेल्या.

दिवाळीच्या तोंडावर सोसायटीत सिंहगडाचीच बोलणी चालली होती. मी सरळ सुट्टी टाकली आणि माती आणली. तट घातला, विहीर खणली, नारळी रोवल्या, निळी रांगोळी पसरली. शेवटी समुद्राकडचा दरवाजा मुद्दाम उलट्या बाजूला लावला, पार्किंगकडे तोंड करून. आणि मान वर करून उभा राहिलो.

गॅलरीत वाळत घातलेली चादर तेवढी हलत होती.

काकूंची फार आठवण आली. मग दरवाजा काढला आणि मुकाट्याने समुद्राकडे लावला.