बाईंनी आणि मी लावलेली छताची पट्टी

खामगावच्या दवाखान्यातून गजूचा फोन आला, तेव्हा मी लिंबाच्या लोणच्याची बाटली पिशवीत ठेवत होते. आदल्याच दिवशी बाईंनी खाटेवरून हुकूम सोडला होता, "शोभे, उद्या येशीन तं लोणचं आणजो. तुह्या हातचं नको, माह्या फडताळातलं आण." बाई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊ, गजूची आई. "काकू, आई गेली," एवढंच तो म्हणाला. बाटली हातातच राहिली...

तेरवी आटोपल्यावर गजू नांदुऱ्याच्या घरी बैठकीत मान वर करून उभा राहिला. "काकू, ही जुनी पट्टी काढून नवीन छत करून घेतो. चालन न?" घराच्या वाटण्या झाल्या तरी बैठक सामाईक राहिली, म्हणून माझा होकार हवा. मी "पाहू" म्हटलं. त्याला महिना होऊन गेला, आणि माझं अजून पाहूच चाललं आहे.

भिंत आणि छत मिळतात तिथे फिरवलेली पांढऱ्या नक्षीची ती पीओपीची पट्टी. ती बाईंनी आणि मी लावली, तीसुद्धा अबोला असताना. अबोला कशावरून धरला होता ते दोघींनाही आठवत नव्हतं, पण तो सोडायचा कोणी, हे मात्र पक्कं ठरलेलं होतं. समोरचीनं. तेवढ्यात बाईंच्या लेकीचा साखरपुडा ठरला. पाहुणे बसणार बैठकीत, आणि छताच्या कडेनं भेगाच भेगा. मिस्त्री आला, चारी कोपऱ्यांत गुण्या लावून पाहिला आणि म्हणाला, "पयले भिती सरक्या करा, मंग बलावा." आमच्या सासऱ्यांनी घर बांधलं तेव्हा काटकोनाशी त्यांची ओळखच झालेली नसावी. भिंती सरळ करायला घरच पाडावं लागलं असतं.

मी तेव्हा पन्नाशी ओलांडलेली, केस रंगवणारी आणि मोबाइलवरचा एक व्हिडिओ पाहून स्वतःला मिस्त्री समजणारी बाई होते. "त्यात काय, चिकटवायचं अन् सोडायचं!" असं मी नवऱ्याला मुद्दाम मोठ्यानं ऐकवलं. पलीकडून पट्ट्या आल्या, पीओपीचं पोतं आलं आणि पदर खोचून बाईही आल्या. आता दोन टोकं धरायला दोघी हव्यात, आणि बोलायचं तर नाही. मग बाईंनी वाट काढली. मी स्टुलावर चढले, त्या लाकडी शिडीच्या घोडीवर चढल्या आणि भिंतीला म्हणाल्या, "भिती, सांगजो त्याईले, तिकडून जरा वर धरा म्हणा." मी म्हटलं, "भिती, तूही सांग, मी धरूनच राह्यली, त्याईचंच टोक खाली हाये." दिवसभर त्या बिचाऱ्या भिंतीनं दोन्हीकडचे निरोप पोचवले. आमच्या अंगावर, केसांत, भुवयांवर पांढरं पीठ. मी तर माझा सगळा रंगवलेला रुबाब घालवून बसले होते.

शेवटचा कोपरा राहिला. तिथल्या दोन पट्ट्या आपापल्या घरात नेऊन कापू, असं भिंतीमार्फत ठरलं. आता कोपऱ्यात एक पट्टी डावीकडे तिरपी कापावी लागते, दुसरी उजवीकडे, तेव्हा त्या एकमेकींना भिडतात. कोणी कोणती कापायची, हे विचारायला मात्र भिंत माझ्या स्वयंपाकघरापर्यंत आली नाही. दोघींनीही डावीकडेच कापली. वर नेऊन जोडली तर मधे चिमणी घर करील एवढी फट. बाई पाहत राहिल्या. मी पाहत राहिले. आणि त्या एकदम म्हणाल्या, "काऊन वो शोभे, इचारलं असतं तं तोंड झिजलं असतं काय तुहं?"

"तुमचं झिजलं असतं काय?"

मग ज्या हसलो... बाई घोडीवर हलायला लागल्या म्हणून मी त्यांचे पाय धरले, आणि हसता हसता त्या कधी रडायला लागल्या ते मला खालून कळलंच नाही. लेक जाणार होती. "तू हायेस न वो घरात?" एवढंच विचारलं त्यांनी. मी म्हटलं, "मी कुठं जातो?" मग मीही वर चढले आणि ती फट आम्ही ओल्या पीओपीनं भरली. थापायची करणी नव्हती, हातांनीच दाबली.

परवा गजू माप घ्यायला आला. मी म्हटलं, "पयले त्या कोपऱ्यात वर चढून पाह्य, मंग काढ." तो चढला आणि कोपऱ्यावरून बोट फिरवू लागला. खालून दिसत नाहीत, पण तिथे आमच्या दोघींच्या अंगठ्यांचे दोन ठसे आहेत, शेजारी शेजारी, पक्के झालेले. "काकू," तो वरूनच म्हणाला, "यातला आईचा कोणता?"

"उतर खाली," मी म्हटलं आणि गुडघ्यांना शिव्या देत घोडीवर चढले. गजूनं घोडी घट्ट धरली. मी माझा अंगठा एका ठशात ठेवून पाहिला, मग दुसऱ्यात. आता इतका सुकलाय मेला, दोन्हींत सैल बसला.

"राहू द्या काकू," गजू म्हणाला. "नाही काढत."

मी लगेच उतरले नाही.