विहिरीवरचा हिरवा दिवा

मंडळी, मांडवगणहून आत्ताच शिक्रापूरला खोलीवर आलोय. अंगात त्राण नाही.

तिथं चार भावांच्या सामाईक विहिरीवर मी मोबाईलवरून मोटार चालवायचा डबा बसवलाय. कुणाचा फोन त्याला जोडलेला असला की हिरवा दिवा लागतो, म्हणजे त्याची पाळी चालू.

आज पाळी थोरल्या आप्पांची होती. दिवा हिरवा दिसला म्हणून ते सकाळपासून बांधावर बसून राहिले. दुसऱ्याच्या पाळीत हात घालायचा नाही, ही तिथली रीत. दुपारी शेतीची लाईट गेली आणि ऊस तसाच कोरडा राहिला. डबा बॅटरीवर, त्यामुळं दिवा तरीही हिरवाच!

बघितलं तर चूक माझी. काल पाळी आप्पांच्या पुतण्याची होती, त्याचा फोन चार्जिंग संपून बंद पडला होता. ॲप नीट बंद केलं तरच फोन सुटला असं डबा धरेल, एवढंच मी प्रोग्राममध्ये लिहिलेलं. न सांगता गेलेल्याचा विचारच नव्हता केला. आता पाच मिनिटं फोन गप्प राहिला की दिवा विझेल.

वैतागून म्हणालो, "आप्पा, पुतण्याला एकदा विचारायचं तरी."

"आधी इचारायचोच की. तू दिवा बसावला, तवापास्नं इचारायचं सोडलं."

दिवा दुरुस्त झाला. ह्याचं काय करू, सांगा कुणीतरी.