सहा सिलिंडरचे आभार

पत्रक कसं लिहायचं ते मला संघटनेत नीट शिकवलेलं आहे. आधी अन्याय कोणावर झाला, मग कोणी केला, मग मागण्या, मग इशारा. आभाराला तळाशी एक ओळ, आणि जागा कमी पडली की छापखानेवाला पहिल्यांदा तीच उडवतो. म्हणून हे पत्रक नाही. मला आभार मानायचेत आणि त्याला जागा लागणार आहे.

आमचं गाव धारूरच्या घाटाखाली. दसरा झाला की निम्मं गाव ऊस तोडायला निघतं, पार सोलापूरच्या पलीकडं. जायचं कसं, तर ट्रॅक्टरला मागं दोन ट्रॉल्या जोडायच्या, त्यात पत्रे, बांबू, ज्वारीची पोती, सरपण, शेळ्या भरायच्या, आणि या सगळ्याच्या वर माणसं चढवायची. साखर कारखान्यात पोत्यावर ताडपत्री टाकतात. माणसांवर तीही नसते. गेल्या वर्षी घाट चढताना मागच्या ट्रॉलीच्या जोडाची पिन निघाली. ट्रॉली मागं गडगडत आली आणि रस्त्याकडेच्या चारीत आडवी झाली. माझ्या चुलतीचा हात मोडला, तो वाकडाच बसला. आई तिच्या शेजारीच होती, ज्वारीच्या पोत्यांवर पडली म्हणून आज आहे. बाप गेल्यापासून या दोघी जावांचा मिळून एक कोयता, म्हणजे तोडीची एक जोडी. एक तोडते, एक मोळी बांधते. आता वाकड्या हाताची चुलतीही पुन्हा जाणार होती, कारण घरी बसून खायला कोण घालतंय?

मी पत्रक काढलं: माणसं बसनं, सामान वेगळं. टोळी नेणाऱ्या मुकादमानं ते हॉटेलात चहा पिता पिता वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि एकच विचारलं, सामान कोण नेणार? एसटीत पत्रे चढत नाहीत, शेळी चढत नाही. सामान ट्रॉलीत गेलं की माणूस सामानामागं जातो, कारण त्या चार पत्र्यांचंच पुढं सहा महिने घर होणार असतं. माझ्या पत्रकात याचं उत्तर नव्हतं. मी फार चिडले.

उत्तर मामाच्या अंगणात उभं होतं. मामाचा जुना ट्रक, लांब नाकाचा, पुढं एका रांगेत सहा सिलिंडर असलेलं इंजिन. माझ्या जन्माच्या आधीचा. कित्येक वर्षं लिंबाखाली उभा होता, कोंबड्या केबिनमध्ये अंडी घालायच्या. इंजिन बसलेलं, म्हणजे आतून गंजून धरलेलं. मामा आईपेक्षा लहान, आणि कमी बोलणारा. पत्रक त्यानं वाचलं की नाही मला ठाऊक नाही. एक दिवस कोंबड्या हाकलून त्यानं बॉनेट उघडलं आणि परळी रोडवरच्या चाचाला बोलावलं.

चाचा म्हणजे मिस्त्री. आवाज एवढा मोठा की चालू इंजिनासमोर त्याला ओरडावं लागत नाही. आल्या आल्या त्यानं जाहीर केलं की असलं इंजिन या जिल्ह्यात आता तो सोडून कोणालाच जमत नाही, आणि मग मला विचारलं, "लीडर, नुसत्या घोषणा देणार का हाताला काळं लावणार?"

लावलं. संघटनेच्या कामातून वेळ मिळेल तशी मी जायचे. इंजिन खाली उतरवलं, पिस्टन लाकडाच्या ठोकळ्यानं ठोकून ठोकून बाहेर काढले, क्रँक परळीला घासायला पाठवली. जुने लायनर काढून नवे बसवायचे ठरले. लायनर म्हणजे पिस्टन ज्यात खालीवर पळतो ती नळी. तिच्या बाहेरून पाणी फिरतं, आणि ते खाली ऑइलमध्ये उतरू नये म्हणून तळाला रबराच्या रिंगा असतात. वॉल, म्हणजे हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा, घासायचं काम माझ्याकडं आलं. प्रत्येक वॉलला पेस्ट लावायची आणि काठी दोन्ही तळव्यांत धरून रवीसारखी फिरवायची. चांगला बसला की कडेला राखाडी गोल उमटतो, अखंड. तो गोल तुटका दिसला की चाचा पेस्टची डबी पुन्हा पुढं सरकवायचा. मी आयुष्यात एवढं गप्प राहून एवढा वेळ दुसरं काही केलेलं नाही.

चाचाला टर्बो बसवायचा होता. मामा म्हणाला, म्हाताऱ्याला पळवायचं न्हाई, चढवायचं हाय. म्हणून सुधारणा बेताच्याच केल्या. डायनामो काढून अल्टरनेटर, ऑइलच्या जुन्या कापडी फिल्टरच्या जागी फिरवून बसवायचा नवा, मोठ्या गाडीचा रुंद रेडिएटर, आणि परळीच्या वीज केंद्रातल्या राखेच्या गाड्यांमागं चालायचं म्हणून हवेला कागदी फिल्टर. रेडिएटरसाठी पुढची पट्टी कापावी लागली. ती कापताना मामानं तोंड फिरवलं.

तिकडं मी एसटीच्या डेपोत खेटे घालून टोळीसाठी बस ठरवली. टोळी सोमवारी निघणार होती, दसऱ्यानंतर लगेच. आईनं मला आधीच स्पष्ट सांगितलं होतं. "ट्रक सुटला तर बसनं. न्हाई सुटला तर ट्रॉलीत. टोळी माझ्यासाठी थांबत नसती." म्हणजे सगळं त्या इंजिनावर आलं होतं.

अष्टमीला संध्याकाळी इंजिन पहिल्यांदा सुरू झालं. आधी खोकलं, पांढरा धूर काढला, मग एकेक सिलिंडर जागं होत सहाही एका सुरात लागली. मामानं बॉनेटवर तळहात ठेवला आणि तसाच ठेवून उभा राहिला. चाचा म्हणाला, गरम होऊन गार झालं की हेडचे, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचे, बोल्ट पुन्हा एकदा आवळायचे, मग भार टाकून घाटात फिरवून आणायची. मी म्हटलं, मग उद्या सकाळीच करू.

उद्या खंडेनवमी होती.

सकाळी गेले तर सगळे पाने, हातोडे, सॉकेट घासलेटमध्ये धुऊन ट्रकसमोर पाटावर मांडलेले. हळदकुंकू, झेंडूची फुलं. चाचा स्वच्छ शर्ट घालून खाटेवर बसलेला. मी म्हटलं, बोल्ट आवळायला अर्धा तास लागतो. तो म्हणाला, आज पाना उचलायचा नाही. त्याच्या उस्तादानं घालून दिलेली रीत होती. उस्ताद आमच्यातला, चाचा त्यांच्यातला, आणि रीत गॅरेजची. मी तिथंच भाषण ठोकलं. चुलतीचा हात, सोमवार, मुकादम, बायकांच्या जिवापेक्षा लोखंडाला जास्त मान देणारा समाज, सगळं काढलं. दहाजण जमले.

चाचानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "बेटा, सालभर ते राबतात. एक दिवस निजू दे." मग त्यानं चहा मागवला. मला कुंकवाच्या डबीसकट तो पाट उलथून टाकावासा वाटला.

आई दुपारी आली. तिनं ट्रकच्या पुढच्या चाकांच्या मधली जागा झाडली, सारवली, वाळल्यावर रांगोळी काढली. भावाच्या गाडीची पूजा, ती काय बिनरांगोळीची करणार होती? हार घातला, नारळ फुटला. मी लांब बसून फणफणत होते. तेवढ्यात मुकादमही डोकावून गेला. त्यानं नमस्कार केला, प्रसाद घेतला आणि आईला म्हणाला, "आक्का, या धुडाला हार बराय. तुमची जागा ट्रॉलीत ठिवलीय."

दिवस मावळायला आई परत निघाली आणि थांबली. रांगोळीतून एक ओघळ गेला होता. पांढरं पुसून, हळद पुसून, शेणाच्या जमिनीवर बोटाएवढी काळी रेघ. चाचा बसल्या जागेवरून म्हणाला, गाडी धुतलीय, तेच पाणी ठिबकतंय. आई खाली वाकली आणि रेघेला बोट लावलं. "धुतल्यालं पाणी सकाळीच वाळलं. म्या सारवलं तवा कोरडं व्हतं. हे आत्ताचं हाय."

चाचा उठला. बॅटरी पेटवून ट्रकखाली सरकला. इंजिनाच्या कुशीला एक बारीक भोक असतं, रबराची रिंग गळायला लागली की पाणी तिथून बाहेर दिसावं म्हणूनच ठेवलेलं. तिथून थेंब येत होता. थांबून थांबून, एकेक. चाचा बाहेर आला, हात पुसले.

त्यानं मग समजावून सांगितलं. सकाळी बोल्ट आवळून आम्ही तशीच भार घालून घाटात नेली असती, तर हलत्या गाडीचं ठिबकणं कोणाला दिसलं नसतं. तापल्यावर फट वाढली असती, पाणी ऑइलमध्ये उतरलं असतं आणि बेअरिंगं गेली असती. गाडी घाटातच बसली असती, आणि आई ट्रॉलीत.

पूजेनं इंजिन वाचलं असं मी म्हणणार नाही. माझ्याकडून ते कोणी वदवूही नये. इंजिन वाचलं ते दिवसभर एका जागी उभं राहिल्यामुळं आणि आईच्या सारवलेल्या जमिनीमुळं. पण उभं ठेवलं ते रितीनं, आणि त्या दिवशी माझं चाललं असतं तर उभं राहिलं नसतं. एवढं मान्य करायला मला कोणी पत्रक काढायला लावलेलं नाही.

दसऱ्याला पहाटे पाटावरची फुलं बाजूला करून चाचानं पाना उचलला. हेड निघालं, पिस्टन निघाला, लायनर वर आला. तळाच्या रबरी रिंगला चीर गेली होती. बसवताना सोमवारच्या धास्तीनं मी मागं लागले होते, म्हणून कोरडीच दाबून बसवली होती. तिला साबण लावायचा असतो, मग ती गुळगुळीत उतरते. चाचानं ती रिंग माझ्या हातावर ठेवली.

"घाई तुझी होती, बेटा. हात माझा होता."

बस, एवढंच. जिल्ह्यात आपल्यासारखा कोणी नाही म्हणणाऱ्या माणसानं बघायला आलेल्या दहाजणांसमोर हे म्हणायला छाती लागते. आमच्या सभांमध्ये ती फारशी पाहिलेली नाही.

सणामुळं सगळी दुकानं बंद. परळीच्या स्पेअर पार्टवाल्यानं आपल्या वजनकाट्याची पूजा आटोपून, आपट्याची पानं हातात असतानाच शटर अर्धं वर केलं आणि वाकून आत जाऊन रिंगा काढून दिल्या. त्याचेही आभार. चाचानं सहाही लायनर उपसले, एकावरच भरवसा ठेवला नाही. मामीनं अंगाच्या साबणाची नवी वडी दिली. चाचा ती रिंगांना असा चोळत होता की मामी म्हणाली, पोरांना कवा एवढी आंघोळ घातली न्हाई. वॉलची फट मोजताना त्यानं मला जोड्या शिकवल्या: एक आणि सहा, पाच आणि दोन, तीन आणि चार. बेरीज साताची. एका सिलिंडरचे दोन्ही वॉल हलायला लागले की जोडीदाराची फट मोजायची. मी मोजत गेले, तो आवळत गेला. रविवारी घाटात पोती भरून फेरी मारली, परत आणली, पुन्हा सारवलेल्या जागेवर उभी केली. जमीन कोरडी राहिली.

सोमवारी टोळीचं सामान ट्रकमध्ये चढलं. पत्रे खाली, पोती वर, शेळ्या मागं जाळीत. मुकादमाचा ट्रॅक्टर आला होता. मुकादम रिकाम्या ट्रॉल्यांकडं बघत राहिला आणि म्हणाला, मग माझं काय काम? आई म्हणाली, "बसमधी बसा की. खिडकी देते तुमाला." तो खरंच बसला.

मी मामाशेजारी केबिनमध्ये होते. घाट लागल्यावर मामानं गियर खाली घेतला. दोघंही उष्णतेच्या काट्याकडं बघत होतो. गेल्या वर्षीची चारी आली, गेली. काटा मधोमध होता तिथंच राहिला. बस आम्हाला मागं टाकून वर निघून गेली. धारूरच्या वर सपाटीला लागल्यावर मामानं स्टिअरिंगवरून एक हात काढला आणि पँटीला पुसला.

उसाच्या फडाजवळच्या माळावर पोचलो तेव्हा बस येऊन उभी होती. आई आणि चुलती खाली उतरून आमचीच वाट बघत होत्या. मी उडी मारून विचारलं, घाटात कसं वाटलं. मला वाटलं ती काहीतरी मोठं बोलेल, जे मला पुढच्या सभेत सांगता येईल.

"डोळा लागला गं," आई म्हणाली. "घाट कवा सरला कळलंच न्हाई."

चुलती म्हणाली की ही घोरत होती, आणि मुकादम सगळ्यांना सांगत होता की हळू बोला. मग दोघींनी पदर खोचले आणि पत्रे उतरवून घ्यायला ट्रकच्या मागच्या फाळक्यापाशी गेल्या.