स्लॅबमधला शिंपला

१९९८ साली घर बांधलं, तेव्हा रेती भाट्याच्या खाडीतली घेतली. नवऱ्याची होडी होती. मी ती रेती चाळून शिंपले एकूण एक वेचले. शिंपले गेले की रेती साफ, असं आम्ही धरून चाललो. मिठाचा विचार कोणी केला नाही.

पुढे मी ठेकेदाराकडे घमेली वाहिली. शाळा चौथीपर्यंतच, पण सिमेंट ओळखायला तिथे शिकले. केसासारख्या भेगांचं जाळं दिसलं की गवंडी म्हणायचा, "उन्हात भरभर सुकलंय, त्याने कोण मरत नाय." हात फिरवल्यावर भुकटी लागली तर वरचा थर कच्चा. भोकं पडून खडी दिसत असेल तर ओतताना नीट ठासलेलं नाही. पण सळीच्या रेषेत तपकिरी डाग आणि भेग असली, तर आत लोखंड गंजून फुगलेलं असतं. ठोकलं की पोकळ वाजतं. त्याच्याखाली थांबायचं नाही.

पाच-सहा वर्षांनी तसा डाग आमच्याच घरात दिसला, नवऱ्याच्या खाटेच्या बरोबर वर. मी बांबूने ठोकलं. पोकळ वाजलं.

"खाट पडवीत घ्या," मी म्हटलं.

"गळतीचा डाग हाय तो. चुना मारतो."

"गळती पसरते. हा सरळ हाय, सळीसारखा."

"चार घमेली उचललीस नि इंजिनेर झालीस काय गो?"

मी सकाळी खाट पडवीत ओढायची, तो संध्याकाळी आत न्यायचा. महिन्याभराने मी ओढायची सोडली. भीती वगैरे काही वाटेना. डागाकडे बघायची, उशीकडे बघायची आणि मासळी साफ करायला बसायची.

एका दुपारी तो अंगणात जाळं दुरुस्त करत असताना आत धाडकन आवाज झाला. घमेल्याएवढा तुकडा उशीवर पडला होता. वर गंजक्या सळ्या उघड्या पडल्या होत्या. मी झाडू आणला.

त्याने तुकडा उचलून उलटा केला. आत अख्खा शिंपला होता.

"एक राहिला बघ तुझा."

"शिंपल्याने नाय पडला. मिठाने पडला."

त्याने तुकडा खाली ठेवला. खाट स्वतः पडवीत घेऊन गेला. मग परत आत आला आणि खाटेशेजारी जमिनीवर गुंडाळून ठेवलेलं माझं अंथरूण उचललं.

मीही त्याच स्लॅबखाली निजत होते. ते मला तोवर सुचलंच नव्हतं.